तिच्या बुटाचं माप

मंगळवारी दुपारी माझ्या बायकोच्या कंपनीतून फोन आला. जेवणाच्या सुट्टीत तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ते उचललं नाही. मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि खोपोलीला गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. संध्याकाळी मी तिला कर्जतला घेऊन आलो.

लोक अजूनही विचारतात, "शर्यतीत गेली का हो?" माझी बायको मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायची हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. मी नाही म्हणतो. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते. मला मात्र त्या प्रश्नाचाच राग येतो. तिच्या आयुष्यातले शनिवार-रविवार त्या ट्रॅकने घेतले होते. मरण तरी त्याच्या नावावर जाऊ नये असं वाटतं.

ट्रॅक म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती. खालापूरच्या अलीकडे रस्त्यापासून आत भाताची खाचरं आहेत. कापणी झाली, पेंढा उचलला की शेताचे मालक जेसीबी लावून मधले बांध काढत, मातीचे उंचवटे घालत, वळणांवर जुने टायर रचत. टँकरने पाणी मारलं की झाला ट्रॅक. मृगाआधी तो मोडायचा आणि पुन्हा भात लागायचं. पनवेल, बदलापूर, कळंब, कुठून कुठून हौशी माणसं येत. कोणी बँकेत, कोणी हॉटेलात, एक जण चक्क भटजी. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. जिंकणाऱ्याला एक चषक, आणि सगळ्यांना सोमवारी अंगदुखी.

मी दर वेळी जायचो. ताडपत्रीखाली खुर्ची टाकून पुस्तक वाचायचो. मालक बांधावरून हसत म्हणायचे, "गुरुजी, पुस्तक काय पळून जातंय का? बाईंकडं बगा की जरा. तिकडं धुरळा काढलाय त्यांनी."

मी बघायचो, पण ते त्यांना दिसत नसे. पुस्तकाच्या वरच्या कडेवरून एवढंच बघता येतं की माणूस कुठे आहे आणि कोणाजवळ आहे.

ती असायची दातांच्या डॉक्टरजवळ.

हा डॉक्टर खोपोलीचा. उंच, गोरा, सतत बोलणारा. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालून बसतो, म्हणून शनिवारी त्याचं स्वतःचं तोंड बंद होत नाही, असं ती म्हणायची. दोघांच्या गाड्या एकाच ताडपत्रीखाली असत. ट्रॅकवर अशा जोडीला जोडीदार म्हणतात. एकाची शर्यत असताना दुसरा वळणावर उभा राहून हाताने खुणा करतो: पुढे किती आहेत, मागे कोण आलंय, कुठली माती सुटलीय. माझी बायको आणि डॉक्टर जोडीदार होते. शब्द साधा आहे. पण आमच्या लग्नाच्या पत्रिकेत तो माझ्यासाठी छापला होता, आणि खाचरात तो दुसऱ्याला लावलेला ऐकताना मला दर वेळी पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागायचं.

माझ्याशी ती 'अहो' म्हणूनच बोलायची. मला ते आवडायचं. पण तिथे ताडपत्रीखाली ती त्याला 'अरे डॉक्या' म्हणून हाक मारायची, शिव्या द्यायची, त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. "डॉक्या, अरे माती सुटली होती तर सांगायचं नाही का, बैला?" आणि लगेच वळून माझ्याकडे, निराळ्याच आवाजात, "अहो, पाणी देता का?" मी पाणी द्यायचो.

माझ्याकडे एक काम होतं. शर्यतीआधी ती मंगळसूत्र आणि कुड्या काढून माझ्या हातात ठेवायची. मी ते शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावायचो. शर्यत संपेपर्यंत मला खिशावर हात ठेवून बसायची सवय लागली होती. बाकी सगळं त्याच्याकडे होतं.

एक शनिवार मला नको इतका आठवतो. तिचे पाय फार लहान होते. शर्यतीचे बूट तिच्या मापाचे मिळेनात. शेवटी लहान मुलांसाठी असतात त्यातले मागवले. बूट बसले, पण आता तिचा पंजा गिअरच्या पेडलपर्यंत पोचेना. गिअर बदलायला सगळा पाय उचलून पुढे न्यावा लागे, आणि वळणावर तेवढ्यात एखादी गाडी पुढे निघून जाई. डॉक्टर म्हणाला, पेडल तापवून मागे वाकवू. दवाखान्यातून दातांचं मेण वितळवायची बत्ती घेऊन आला.

"ह्या दिवाळीच्या पणतीने लोखंड वाकणार?" ती म्हणाली.

"गप बस गं. पाय ठेव इथे."

पणतीने लोखंड वाकलं नाही. मालकांनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून मोठी बत्ती मागवली. डॉक्टर मातीत गुडघे टेकून बसला आणि तिचा बूट त्याने तळहातावर घेतला. टाच मनगटाशी टेकवली, बोटं पुढे धरली, पंजा कुठे येतो ते पाहिलं.

"हलू नकोस. दाढ काढतोय का तुझी?"

"मग तुझ्या पेशंटसारखी आ करून बसू का?"

"बस की. निदान बोलणं तरी बंद होईल."

ती इतकी हसली की गाडीवरून पडायला आली. त्याने दुसऱ्या हाताने तिचा गुडघा धरला. पेडल तापवायचं, वाकवायचं, पाणी ओतायचं, पुन्हा बूट तळहातावर. बराच वेळ चाललं ते. माझ्या मांडीवर पुस्तक होतं आणि त्यातलं एक अक्षर मला आता आठवत नाही.

संध्याकाळी त्यांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला. पहिली शेंग तिने सोलून मलाच दिली. मी ती खाल्ली. गरम होती. तरीही माझं मन त्या तळहातावरच होतं.

त्या दोघांत काही होतं असं मला कधी वाटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. तसं असतं तर निदान मत्सराला काही आधार मिळाला असता. मला हेवा वाटायचा तो तिथली ती त्याला मिळते याचा. रविवारी ती कानामागे माती घेऊन घरी यायची, जेवताना पेंगायची आणि झोपून जायची. सोमवारी पुन्हा माझी शांत, नीटनेटकी बायको डबा घेऊन कामावर जायची. ती धुळीतली, मोठ्याने बोलणारी बाई माझ्या घरी कधी राहायला आली नाही. मला तिचे कपडे तेवढे धुवायला मिळायचे.

तेराव्याला डॉक्टर आला. दारात चपला काढतानाच त्याला हुंदका फुटला, आणि तो ओट्यावर बसून मोठ्याने रडला. मी तोपर्यंत रडलो नव्हतो, नंतरही लोकांसमोर रडलो नाही. बायका त्याच्याभोवती जमल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. माझ्या मावशीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "सख्खा भाऊ का रे तिचा? किती लावून घेतलंय बिचाऱ्याने. जा, त्याच्याजवळ बस जरा."

मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तेराव्याला, मी त्याचं सांत्वन केलं.

भात कापून झालं तेव्हा त्याचा फोन आला. ट्रॅक पुन्हा तयार होत होता.

"सर, आपल्याकडे एक रीत आहे," तो म्हणाला. "कोणी गेलं की हंगामाच्या पहिल्या शर्यतीत त्याची गाडी शेवटची पळवायची. जोडीदाराने चालवायची. मग गाडी घरी जाते. तुम्ही हो म्हणालात तर शुक्रवारी गाडी माझ्याकडे न्यायला येतो. दोन दिवस लागतील तयार करायला."

"गाडी मी घेऊन येईन," मी म्हणालो. "तयार करून."

"तुम्ही?"

"हो. मी."

आयुष्यात तिच्या गाडीचं एक तरी काम माझ्या हातून व्हावं, त्याच्या हातून नव्हे, एवढंच माझ्या मनात होतं. मी गाडी कर्जतच्या नाक्यावरच्या गॅरेजात दिली. माणूस चांगला आहे, माझी स्कूटर तोच बघतो. त्याला म्हटलं, पैशांकडे पाहू नका, सगळं नीट करा, नव्यासारखी करून द्या. त्याने केली. धुतली, पॉलिश केली, जुने ओरखडे रंगवले. टेंपोत चढवताना ती चकाकत होती आणि मला अभिमान वाटला.

रविवारी सकाळी खाचरात गेलो तेव्हा मालक बांधावर गावदेवाला नारळ ठेवत होते. सगळे भोवती उभे होते. मालकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "बाईंची गाडी आली. आता चालू करा."

डॉक्टरने हेल्मेट काखेत धरलं होतं. तो गाडीभोवती फिरला. टाकीवरून हात फिरवला, चाकांतली हवा कमी केली, साखळी पाहिली. मग डाव्या बाजूला येऊन खाली बसला आणि तसाच बसून राहिला. मला वाटलं त्याला रडू येतंय. त्याने अंगठा गिअरच्या पेडलवर ठेवला होता.

"सरळ केलंत?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. गॅरेजवाल्याला वाटलं असणार, गाडी पडून पेडल वाकलंय. त्याने सरळ केलं. त्याच्या जागी कोणीही केलं असतं. पण गाडी टेंपोत चढवताना मी तिथेच उभा होतो, उतरवतानाही होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. ते वाकवताना अख्खी दुपार मी समोर बसलो होतो, तरी दिसलं नव्हतं. कारण त्या दुपारी मी पेडलकडे पाहिलंच नव्हतं. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो.

"गॅरेजवाल्याने केलं असेल," मी म्हणालो.

"हरकत नाही. मालक बत्ती मागवून देतील. मी परत वाकवतो."

"होतं तसं होईल?"

"हो. माप आहे ना माझ्याकडे."

"कुठे?"

त्याने डावा तळहात उघडून दाखवला. उजव्या बोटाने मनगटापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत रेघ ओढली. "इथून इथे टाच ते पंजा. तिथून पेडल."

तो सहज बोलला. त्यात मोठेपणा नव्हता. पण मी त्या तळहाताकडेच पाहत होतो. मी तिच्याबरोबर राहिलो, तिच्या चपला उचलल्या, तापात तिचे तळपाय चोळले. आणि तिच्या पावलाची लांबी कोणी विचारली असती तर मला हवेत दोन हात धरून अंदाजाने सांगावी लागली असती.

"नको," मी म्हणालो.

"सर, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तिची गाडी तिच्यासारखी..."

"नको म्हटलं ना. आहे तशी चालवा."

माझा आवाज चढला असावा, कारण भटजींनी मान वळवून पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्या क्षणी त्याला सगळं समजलं, इतक्या वर्षांचं. एरवी गप्प न बसणारा तो माणूस गप्प बसला आणि मला त्याचाही राग आला.

"चला रं, ऊन चढतंय," मालक ओरडले. "माती सुकली का मग नाय मजा."

तो तिच्या गाडीवर बसला. पाय लांब असल्यामुळे सरळ पेडल त्याला बरोबर बसलं.

पुस्तक मी पिशवीतून काढलंच नाही. पहिल्यांदाच अख्खी शर्यत सरळ पाहिली. तो एरवी पहिल्या तिघांत असतो. त्या दिवशी घाई करत नव्हता. टायरांच्या वळणावर बाकीचे आतून कापत होते आणि तो बाहेरून, लांबून, उजवा खांदा किंचित पाडून येत होता. प्रत्येक फेरीला तसाच. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला समजलं की हे त्याचं चालवणं नाही, तिचं आहे. त्या वळणावर उभं राहून त्याने ते इतकं पाहिलं होतं की आता ते त्याच्या खांद्यात उतरलं होतं. मी उठून उभा राहिलो. ती येत होती, जात होती, पुन्हा येत होती, आणि ती त्याच्याजवळ होती.

तो शेवटून दुसरा आला. टाळ्या बऱ्याच झाल्या. गाडी ताडपत्रीखाली आणून त्याने हेल्मेट काढलं आणि मला म्हणाला, "गाडी आता घरी न्या, सर. आणि कधी वाटलं तर सांगा. मी कर्जतला येऊन वाकवून देईन. हंगाम असो, नसो."

मी बरं म्हणालो. टेंपोवाल्याने गाडी दोरीने बांधली. परतताना पळसदरीच्या रेल्वे फाटकापाशी आम्ही बराच वेळ थांबलो होतो. टेंपोवाला म्हणाला, "साहेब, एवढी चकाचक गाडी, विकायची का?" मी नाही म्हणालो.

त्यानंतर डॉक्टरचे दोन-तीन फोन आले. मी उचलले, तब्येतीची चौकशी केली, ठेवले. पेडलचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. एकदा तिचे बूट घेऊन मी गाडीशेजारी बसलो होतो. डावा बूट तळहातावर ठेवून पाहिला. माझा हात लहान आहे, बूट पुढे बाहेर येतो. त्यातून काही ठरवता आलं नाही.

गाडी माझ्या घरी आहे. माप त्याच्या हातात आहे. मी त्याला अजून बोलावलेलं नाही.