बरण्यांची फळी

माझ्याकडे टेम्पो आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला लाकूड लागतं. या दोन गोष्टींपायी माझे बहुतेक रविवार वाया गेले आहेत.

भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. नोकरी लिफ्टची, जीव गिटारीत. वाजवता त्यांना एक गाणं येत नाही. ते गिटारी बनवतात. गिटारीचं खास लाकूड मिळतं, पण त्याची किंमत ऐकून एकदा ते दुकानातल्या स्टुलावर बसले होते. तेव्हापासून 'लोकांनी टाकून दिलेल्या लाकडातही सूर असतो' असं त्यांचं तत्त्व झालं. ते शोधायचं त्यांनी आणि वाहायचं मी.

वखारीत पहिल्यांदा गेलो तेव्हा वखारवाल्याने विचारलं, "दार करायचंय की खिडकी?"

"गिटार."

"किती फूट उंच?"

भाऊजी एकेक फळी दोन बोटांत लोंबकळती धरून, बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकत सुटले. तासाभराने वखारवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुटक्या फळ्या फुकट न्या, पण त्यांना आवरा. गिऱ्हाइकांना वाटतंय, माझ्या मालात वाळवी शोधताहेत." अशी आमची फुकटची सोय झाली.

बाकी माल लिफ्टच्या कामातून यायचा. कुठल्याही इमारतीत जिन्याखाली मोडकं सामान पडलेलं असतं, आणि ते कुणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करून उतरायचे आणि मला फोन करायचे. एका कपाटाच्या दाराची गिटार झाली, तिला कुलपाचं भोक तसंच राहिलं. एक शाळेच्या बाकाची झाली, तिच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेली शिवी होती. ती बाजू पोटाकडे येते, असं भाऊजींचं म्हणणं.

हळूहळू त्यांना घरी बोलावणं लोकांनी सोडलं. कुठेही गेले की आधी टेबल ठोकणार, मग पाणी पिणार. त्यांच्या साहेबांचे वडील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि मध्येच टक टक. साहेबांच्या आईने डोळे पुसत विचारलं, "कोण आलंय बघा रे दारात." दारात कुणी नव्हतं. भाऊजींचा हात गेलेल्या माणसाच्या पलंगाखाली होता. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात होतो. पण महिन्याभराने त्या बाईंनीच निरोप पाठवला की पलंग डोळ्यांसमोर नको झालाय, घेऊन जा. टेम्पो अर्थातच माझा.

या सगळ्या गिटारींना परीक्षक एकच, माझी भाची. ती खरी वाजवणारी आणि तितकीच खरं बोलणारी. कपाटाची गिटार वाजवून म्हणाली, "बाबा, आतून कुणीतरी दार वाजवतंय." पलंगाच्या गिटारीला म्हणाली, "आवाज चांगलाय, पण ऐकून सांत्वन करावंसं वाटतं." भाऊजी मान डोलवायचे आणि पुढच्या लाकडाला लागायचे. त्यांना खोटं कौतुक नकोच होतं. खरं मात्र फार हवं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग भाचीला परदेशात संगीत शिकायला जागा मिळाली. तिच्याकडची गिटार क्लासची होती, ती परत करायची होती. ती बाहेरगावाहून फोनवर म्हणाली, "बाबा, निघायच्या आधी घरी येतेय. तोवर तुझी एक जमली तर तीच नेते. नाही जमली तर विकत घेईन. वाईट नाही ना वाटणार?"

"छे," भाऊजी म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

अडचण समोरच्या फळीची होती. गिटारीचा आवाज मुख्यतः पुढच्या पातळ फळीतून निघतो. तिला हलकं, सरळ रेषांचं, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड लागतं, आणि पलंग-कपाटं बनतात जड लाकडाची. आम्ही गावभर जिने पालथे घातले. काही मिळालं नाही.

त्याच आठवड्यात ताईने स्वयंपाकघराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यासाठी तिने फळीवरच्या सगळ्या बरण्या उतरवल्या, आणि उतरवताना एक स्टीलचं झाकण हातातून निसटून रिकाम्या फळीवर पडलं. भाऊजी तोंडाला साबण लावून दाढी करत होते. तसेच बाहेर आले.

"ते झाकण पुन्हा टाक."

ताईने टाकलं. भाऊजींनी फळीवर पेर वाजवलं, कान लावला, आणि साबणाचा फेस फळीवर राहिला. ही फळी त्यांनीच बसवलेली, लग्नानंतर नव्या घरात. नोकरीतली पहिली लिफ्ट बसवली तेव्हा तिची मोटर कुठल्याशा थंड देशातून ज्या खोक्यात आली, त्या खोक्याची. जगातल्या सगळ्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, ही तेवढी राहिली होती. भरलेली फळी वाजत नाही, आणि ताईची फळी कधी रिकामी नसायची.

"ही मला दे," भाऊजी म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली. "फळी उंच झालीय, खाली घ्या, असं मी पोरीच्या जन्मापासून सांगतेय. टाचा उंचावून उंचावून पाय गेले माझे. तेव्हा तुम्हाला स्क्रू काढायला वेळ नव्हता. आता बरा सापडला."

रंग वाळला, बरण्या परत चढल्या. भाऊजींनी वखारीतल्याच एका फळीची गिटार करायला घेतली. त्या फळीला मधोमध एक गाठ होती. गाठीचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "बघू."

भाची यायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तारा चढवल्या. शेवटची तार ताणली आणि फळी गाठीपासून उभी तडकली. कडकन आवाज झाला. भाऊजींनी एकेक तार सैल केली, गुंडाळी करून डब्यात ठेवली, डब्याचं झाकण नीट लावलं. मला त्यांचा इतका राग यायचा एरवी, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

ताई उठली. एक स्टूल ओढलं आणि फळीवरच्या बरण्या जमिनीवर मांडायला लागली. सगळ्या उतरवून झाल्यावर मला म्हणाली, "स्क्रू तू काढ. ते आत्ता काढायला गेले तर भिंत फोडतील."

वखारवाल्याने फळी जाडीतून दोन पातळ भागांत चिरून दिली. भाऊजींनी ती पुस्तकासारखी उघडून जोडली, तासली, जुन्या गिटारीच्या सांगाड्यावर बसवली. बरण्यांच्या तेलाचे गोल डाग इतके आत मुरले होते की तासून गेले नाहीत. आवाजाचं भोक त्यांनी त्यातल्याच एका गोलावर कापलं.

भाची आली. गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि वाजवायला लागली. एक संपलं, दुसरं सुरू झालं. भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि चौकट ठोकत नव्हते. तिने वाजवणं थांबवलं, डागांवरून बोट फिरवलं. आता हिचं एक वाक्य येणार म्हणून मी ताईकडे बघितलं.

"बाबा, हिची पेटी कुठाय?"

"कसली पेटी?"

"न्यायची. विमानातून अशीच उघडी नेऊ का?"

इतक्या वर्षांत भाऊजींनी गिटारीची पेटी कधी केली नव्हती. त्यांची गिटार घराबाहेर जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते गर्रकन वळून स्वयंपाकघरात गेले, आणि आतून टक टक ऐकू आलं.

"त्या फळीला हात लावायचा नाही," ताई बसल्या जागेवरून म्हणाली.

फळी नवी होती, पलंगाच्या आणि कपाटाच्या गिटारींचं लाकूड जोडून केलेली. कुलपाच्या भोकासकट. ताई आत गेली तेव्हा मी मागे गेलो. भाऊजी भिंतीकडे तोंड करून रडत होते. ताईने फळीवरची बरणी उतरवून तिच्याखालचं फडकं डोळे पुसायला त्यांना दिलं. बरणी काढताना तिच्या टाचा जमिनीवरच होत्या.