तेतच्या सकाळचं पहिलं पाऊल

दादाचा फोन आला तेव्हा मी बहारीनमधल्या अरादला, घराखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये म्हणजे किराण्याच्या दुकानात, दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचत उभा होतो. "लान गेली रे," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला आधी भीती वाटली... आपण वर्षभर लपवलेलं आता उघडकीला येणार, अशी. बाटली हातात घेऊन मी तसाच बाहेर चालू लागलो, तेव्हा मागून दुकानदार ओरडला, "भाईसाब, दूध!" घाबरलेला माणूस काय करेल, सांगता येत नाही.

लान वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मूळची व्हिएतनामची, ह्यू शहराजवळच्या गावातली. बहारीनच्या एका हॉटेलात केक सजवायला आली आणि तिथलं स्टोअर सांभाळणाऱ्या आमच्या दादाच्या गळ्यात पडली, असं आईचं म्हणणं. कोण कोणाच्या गळ्यात पडलं, हे अख्ख्या बेकरीला ठाऊक होतं. मराठी ती आईकडूनच शिकली, पण 'मी' आणि 'तू' तिने कधी फारसे वापरले नाहीत. तिच्या भाषेत म्हणे नात्यानेच बोलतात. त्यामुळे बुदैयाला दादाच्या घरी गेलो की ऐकू यायचं, "वहिनीने भात केला. भाऊजी हात धुतो, मग बसतो." पन्नाशीच्या इंजिनिअरला कोणी असं सांगितलं की तो निमूट हात धुतो.

तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. त्याच्या आठवडाभर आधीपासून वहिनीच्या अंगात वारं शिरायचं. चुलीचा देव वर्षभराच्या चहाड्या सांगायला आभाळात जातो, म्हणून त्याला गोडधोड करून निरोप. मग केळीच्या पानात चिकट तांदूळ आणि मुगाची डाळ गच्च बांधून आठ-आठ तास उकळायची. पानं केरळी दुकानातून आणायचं काम माझ्याकडे असे, आणि दर वर्षी मी फाटकीच आणायचो. "भाऊजीने पान आणलं की झालर आणली?" ती विचारायची. त्या दिवसांत घरात भांडायचं नाही, भांडं फोडायचं नाही, मरणाचं नाव काढायचं नाही. मी हसायचो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये नोकरी, दाब मोजायचा, तापमान मोजायचं. जे मोजता येत नाही त्यावर आपला विश्वास नाही, असं मी जेवताना सगळ्यांना ऐकवायचो. वहिनी मला आणखी भात वाढायची.

मागच्या वर्षी तेतच्या आधी माझे सासरे गेले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून चिपळूणला सगळं मीच केलं; डोकंही भादरलं. बायको तिच्या आईजवळ राहिली आणि मी एकटा परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अरादच्या रिकाम्या घरात बसवेना. आज तेत, वहिनीकडे नाश्ता जोरदार असणार, असा विचार करून भल्या सकाळी बुदैयाला पोचलो. खोटं कशाला बोलू, दादा-वहिनीची आठवण नाश्त्याच्या आधी की नंतर आली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वहिनीने दार उघडलं. नवा लाल पोशाख, केसात फूल. माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं आणि दाराची कडी तिच्या हातात तशीच राहिली. एक क्षण... फार तर दोन. मग तिने माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं. "भाऊजी आला. भाऊजी चहा घेतो."

पंधरा दिवसांनी इक्बालभाई भेटले. दादाचे जुने मित्र, रत्नागिरीचे, शिवणयंत्रांचे दुकानदार. पाच मुलं, डझनभर नातवंडं आणि गडगडाटी हसणं. "काय दीरसाहेब, माझी ड्युटी खलास केलीत!" ते म्हणाले. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, तेतच्या सकाळी घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्या नशिबावर त्या घराचं वर्ष जातं. म्हणून भरल्या घराचा, हसरा माणूस आधी सांगून ठेवतात. इतकी वर्षं तो मान इक्बालभाईंचा. आणि ज्याच्याकडे नुकतंच कोणी गेलंय त्याने तर त्या दिवशी दुसऱ्याची पायरीच चढायची नाही.

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. उन्हाळा सुरू होता होता वहिनीच्या पोटात दुखायला लागलं.

त्यानंतर उरलेलं वर्ष मी कसं काढलं, ते कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर दादाशी बोलत आणि मी मागे उभा राहून ते कधी माझ्याकडे बोट दाखवतात याची वाट बघायचो. इंजिनिअरच्या डोक्यात हिशेब चालू असायचा की हा आजार तर त्या सकाळच्या कितीतरी आधीपासून असणार. डोक्याला पटायचं. पायांना पटायचं नाही. हॉस्पिटलच्या खोलीत शिरताना मी इतरांना पुढे घालायचो. शेवटच्या भेटीत विचारायचंच, असं ठरवून गेलो होतो. वहिनी उशीला टेकून बसली होती, माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजीचे केस आले. बरं झालं." मी न विचारताच निघालो. घरी येईपर्यंत त्या वाक्याचा मी एकच अर्थ लावत होतो, की त्या सकाळचं माझं बोडकं डोकं ती विसरलेली नाही.

ती गेल्यावर महिन्याभरात पुन्हा तेत आला. लीनाचा, माझ्या पुतणीचा, फोन आला. "काका, धिस इयर ओन्ली फॅमिली. तू पहिला ये."

"मी? अगं, इक्बालभाईंना बोलाव."

"चाचा नंतर येतील. यू कम फर्स्ट."

शिफ्ट आहे म्हणालो, सर्दी आहे म्हणालो, गाडी गॅरेजला आहे म्हणालो. शेवटी मला राहवेना. "लीना, मागच्या वर्षी... आई माझ्याबद्दल काही म्हणाली होती का? खरं सांग."

मला वाटलं, आता म्हणेल, नाही रे काका, असलं काही नसतं.

"शी वॉज स्केअर्ड, काका. खूप. चाचांची गाडी गल्लीत आली होती, आईला दारातून दिसत होती. मी नंतर म्हणाले, यू कुड हॅव टोल्ड हिम, टू मिनिट्स थांब. ती ओरडली माझ्यावर. म्हणाली, 'सासरा गेला, भाऊजी एकटा आला, त्याला वहिनी दारात उभा करते?'"

म्हणजे तिचा विश्वास होता. सगळं कळत होतं तिला. घाबरली होती, आणि घाबरून तिने माझं मनगट धरलं होतं. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता त्या दारात दोघांची भीती उभी होती.

गेलो. उंबऱ्याशी येऊन अडलो. लीनाला म्हटलं, गुडघा. दादाने दार पूर्ण उघडलं. आत भिंतीवरच्या पितरांच्या फळीवर वहिनीचा फोटो, पुढे भाताचा वाडगा, जेवायच्या काड्या, पाच फळं. तेतला गेलेली माणसं तीन दिवस घरी राहायला येतात आणि तोवर फळीवरची उदबत्ती विझू द्यायची नाही. लीना रडवेली झाली होती, दादाचं कशात लक्ष नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एसी बंद करून मी फळीखाली खुर्ची टाकली. एक अर्ध्यावर आली की दुसरी तयार. प्लांटमध्ये बॉयलरकडे मी इतकं घाबरून कधी बघितलं नव्हतं. मधूनच लीना शिंकली की दचकायचो. इक्बालभाई येऊन शेजारी बसले, पहिल्यांदाच न हसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी या पितर-पाहुण्यांना निरोप देतात. लीनाने फळं उतरवली, वाडगा उचलला आणि म्हणाली, "काका, आता ही संपली की नको लावू."

मी बरं म्हटलं आणि ती आत वळल्यावर आणखी एक लावली.