माशांची एकादशी

नवरा गेल्यावर औंधाकडचं गाव सोडून मी दोन पोरींना घेऊन सांगलीला आले. विश्रामबागेत कॉलेजात शिकवणाऱ्या एका साहेबांच्या बंगल्यावर धुणंभांडी धरली. पगार थोडाच होता, पण मागच्या अंगाला राहायला खोली मिळाली. काम सुटलं असतं तर खोलीही गेली असती.

साहेबांनी पुण्याहून काचेची पेटी आणली आणि अकरा रंगीत मासे. घर कडक शाकाहारी. फाटकापाशी अंड्याचं टरफल दिसलं तरी साहेबांची आई मला अंगण धुवायला लावायची. पण हे मासे शोभेचे, म्हणून चालले.

मे महिन्यात साहेब, बाई आणि मुलं महाबळेश्वरला निघाली. म्हातारीचे गुडघे दुखायचे म्हणून ती घरीच राहिली. माशांचं खाणं माझ्या गळ्यात पडलं. साहेबांनी मला मागच्या गटारापाशी नेऊन दाखवलं. तिथं काळ्या गाळात केसासारखे बारीक लाल किडे वळवळत होते. गाळ चाळणीत घेऊन पाणी ओतत राहायचं, शेवटी किड्यांचा गोळा उरतो, त्यातली चिमूट रोज सकाळी पेटीत टाकायची. दुसरं काही टाकू नकोस, असं त्यांनी दोनदा बजावलं.

शेण, पोरांची घाण, मेलेलं मांजर, सगळं मी हातानं काढलेलं आहे. पण तो गोळा बोटांत जिवंत हलायचा. त्या हातांनी मला भाकरी थापवेना. पाच दिवस पोरींनी भातच खाल्ला.

सहाव्या दिवशी एकादशी होती. चाळणी बघून म्हातारीनं मला दारातच अडवलं. आज या घरात जीव मरायचा नाही, त्यांना साबुदाणा घाल, म्हणाली, आणि भिजवलेला साबुदाणा वाटीभर माझ्या हातात दिला. साहेबांनी नको म्हणून सांगितलंय, असं मी म्हटलं.

"घर कुणाचं आहे? आणि तुझी खोली कुणाची?" तिनं विचारलं.

मी वाटी ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत पेज झाली होती. मासे पोट वर करून तरंगत होते. उकाड्यानं असा वास सुटला होता की मला ओकारी आली. मी बुळबुळीत नऊ मासे हातानं काढले. दोन वाचले होते, ते मेलेल्यांचे डोळे टोचत होते. म्हातारी नाकाला पदर लावून म्हणाली, लवकर आवर, मला उपास सोडायचाय. मी पाणी बदललं आणि त्या दोघांना पुन्हा गटारातले किडे आणून घातले.

साहेब परतले. पेटी बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. म्हातारी म्हणाली, "हिलाच विचार. मी कुठं त्या घाणीकडे बघते?"

मी सांगितलं, एकादशीला आजींनी साबुदाणा घालायला लावला, वाटीही त्यांनीच दिली. साहेबांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नाही म्हणायचं होतंस."

एवढ्या शिकलेल्या माणसाची मला तेव्हा त्या पाण्यापेक्षा जास्त शिसारी आली.

"साहेब, तुमी एकदा आजींना न्हाई म्हणून दावा," मी म्हटलं. "मग मी बी म्हणीन. न्हाईतर आजच खोली खाली करते."

बाई आत निघून गेल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. उरलेले दोन मासे विहिरीत सोड आणि पेटी माळ्यावर टाक, एवढंच म्हणाले.

खोली राहिली. पोरी तिथूनच शाळेला गेल्या. म्हातारी पुढंही दर द्वादशीला मला प्रसाद घ्यायला बोलवायची. मी तो पदरात घ्यायचे आणि बाहेर येऊन गाईपुढं टाकायचे.