धुऊन आणलेला कचरा

कडेगावाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर, अन् घरामागं गावाचा उकिरडा. बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाला न्हेतो. वेफरच्या पुड्या, गुटक्याच्या माळा, फाटक्या कॅरीबॅगा कुणी घेत न्हाई. त्या पेटवायच्या. त्यो काळा धूर लय वर्सं आमच्याच घरात शिरायचा. मालक खोकून खोकून गेलं. मी ऱ्हायले.

मागल्या साली गावात पिलास्टिकाचं तेल काढायची भट्टी बसली. चालवायला माझी सून. कराडला जाऊन शिकून आली. भट्टी दिसायला दारूच्या भट्टीवानीच. बंद पिंप, खाली जाळ. आत पिलास्टिक वितळून वाफ हुती, ती नळीतनं पाण्यात गार हून तेल गळतं. सरपंचानं आधीच सांगितलं हुतं, पयल्या दिवशी तेल निघालं न्हाई तर ढीग पेटवून जागा मोकळी करायची.

भट्टी पेटवायची त्या सकाळी बायका बघायला आल्या. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून एकेकीनं घरातलं पिलास्टिक आणलं. दुसऱ्याला द्यायची वस्तू खरकटी देऊ नये, ही आपली रीत. तवा समद्यांनी नळावर घासून धुऊन, पाणी गळतंय तसंच आणलं, अन् सुनेनं वाळवून ठिवलेल्या मालावर वतलं. समदा माल भिजला. वली पुडी पिंपात गेली की नुसती पाण्याची वाफ, तेल कुठलं निघायचं.

मला वाटलं, आता ही वरडणार. तिनं एकीला बी बोल लावला न्हाई. उलट म्हणली, बरं झालं, माती तरी निघाली.

सरपंच म्हणलं, "मग ढिगाला लावू का काडी?"

सून म्हणली, "आवं, वला पापड तळत्यात व्हय? ऊन हाय. दुपारपातुर दम धरा."

मग बायकांनी लुगडी हातरली. एकेक पुडी सुटी करून, वर खडं ठिवून वाळत घातली. वाऱ्यानं उडाली की तिच्यामागं पळायचं. एक म्हातारी म्हणली, जलमात पापडाला बी एवढं जपलं न्हाई.

दुपार कलल्यावर भट्टी पेटली. सून जाळाम्होरनं उठली न्हाई. मी च्या न्हेला, त्यो तसाच गार झाला. दिवस मावळायला नळीतनं तेल आलं, काकवीवानी काळपट, वास उग्र. तिनं चिंधी बुडवून पेटवली. भक्कन पेटली. सरपंच म्हणलं, आता ढिगाला कुणी काडी लावायची न्हाई.

आमच्यात सुनेचं तोंडावर कवतिक करत न्हाईत. धुरापायी मालकांनी घराची मागची खिडकी खिळं ठोकून बंद केली हुती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडी घिऊन ती उघडायला बसले. खिळं लय गंजलं हुतं.