बुधीचा अर्धा द

नजरचुकीने. माझ्या मुलानं, कृष्णकांतनं, एका सरकारी कागदावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात हा शब्द लिहिला, त्याला आता सात वर्षं होतील. दाताच्या फटीत काडी अडकावी तसा तो मला अजून सलतो. ज्या बाईपायी तो लिहावा लागला तिचं नाव बुधी. बुधी शुक्रा हिलम, डोंगराकडच्या कातकरवाडीतली. तिची हकिकत सांगितल्याशिवाय ही काडी काही निघायची नाही.

बुधवारी जन्मली म्हणून बुधी. नवरा शुक्रवारचा म्हणून शुक्रा. त्यांच्यात वार बघून नाव ठेवतात, साधा सरळ मामला. आमच्यात पंचांग काढून, गुरुजींना विचारून कृष्णकांत ठेवतात. त्यानं काय दिवे लावले ते पुढे येतंच आहे.

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे अजून भाताची खाचरं होती. त्या बांधावरून बुधी डोक्यावर पाटी घेऊन यायची. कधी टाकळा, कधी करवंदं, कधी पानात बांधलेले खेकडे. बरोबर तिच्या वाडीतल्या हौसा आणि मैना असायच्या. त्या दोघी चटपटीत. बुधी मंद. हे मी मायेपोटी झाकणार नाही, कारण झाकलं तर माझ्या रागात पाणी शिरेल. पाचाच्या पुढे तिची मोजणी जात नसे. पाच जुड्या झाल्या की परत एकपासून सुरू. दुसऱ्या मजल्यावर भाजी देऊन तिसऱ्यावर निघायची आणि फिरून दुसऱ्यावरचीच बेल वाजवायची. शुक्राच म्हणायचा, “हिचा डोका जरा सावकाश चालतो. पन चालतो.”

आमच्या बिल्डिंगीत सगळे शिकलेले. कोणी बँकेत, कोणी कचेरीत, एक तर कॉलेजात शिकवणारे. एवढ्या विद्येचा माणसांनी उपयोग काय केला? तर बाई जिन्यात दिसली की विचारायचं, “काय बुधी, बुद्धी घरी ठेवून आलीस वाटतं?” रोज तोच विनोद. शिळी पोळीसुद्धा माणूस दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खातो. यांना तेवढंही सुचत नव्हतं. सगळे हसायचे. बुधीही हसायची. मला वाटायचं, तिला कळत नाही म्हणून हसते. असं समजणं फार सोयीचं असतं.

एकदा मे संपताना तिनं शेवळं आणली. पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून कोंब वर येतात ती शेवळं. भाजी अशी होते की मटण बाजूला ठेवावं, पण नुसती केली तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यात काकडं घालायची, म्हणजे हिरवी आंबट रानफळं. बुधीनं काकडं वेगळी बांधून दिली आणि माझ्या सुनेला, वसुंधरेला, तीनदा बजावलं. पण वसुंधरा पुण्याची, एम.ए. झालेली. तिला ती फळं कच्ची वाटली. तिनं ती टाकून दिली.

माझी एकादशी होती म्हणून मी वाचले. बाकी घर जीभ बाहेर काढून बसलं. कृष्णकांत आरशासमोर घसा खाजवायला बोट घालत होता आणि ओकाऱ्या काढत होता.

दुसऱ्या दिवशी बुधी आली. वसुंधरा लाजून आत गेली. मी सगळं सांगितलं आणि मनात म्हटलं, आता ही हसणार, हक्कच आहे तिचा. बुधीनं कमरेच्या फडक्यातून चिंचेचा गोळा काढला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं बोलली, “ताय, जरा चोख. पयल्या टायमाला असाच व्हतंय. माज्या सासूनं पन केलता असाच.”

पुढे एकदा मी हौसाला सहज विचारलं, बुधीच्या सासूनं काकडं न घालता शेवळं केली होती का गं? हौसा फिसकन हसली. “तिची सासू? ती म्हातारी डोलं मिटून शेवळा रांधायची!”

म्हणजे पाचापुढे मोजता न येणाऱ्या बाईला एवढं सुचलं होतं, की समोरच्याची फजिती झाली तर आपल्या घरातलं कोणीतरी पुढे करावं. हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आमच्या बिल्डिंगीत तरी ते कोणाला येत नव्हतं. मलाही नाही, हे लगेच कळेल.

त्याच वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, दिवाळीनंतर वाडीत ग्रामसेवक आला. सरकारी घरकुलं मिळणार, अर्ज भरा, घर बाईच्या नावानं होईल. बुधीचं झोपडं म्हणजे कुडाच्या भिंती आणि पेंढा. पावसाळ्यात शुक्राला खोकला धरायचा तो नवरात्रापर्यंत. तिला घराची आस लागली. अर्ज घेऊन ती आमच्याकडेच आली. म्हणाली, “बाय, तुमचा पोर कचेरीत लिवतो. त्याचा अक्षर सरकारला कलंल.”

रविवार होता. कृष्णकांत आणि शेजारचे दयाराम बाहेरच्या खोलीत चहा पीत होते. मी खाली बसून वाल सोलत होते. बुधी दाराशी उकिडवी.

“नाव?” कृष्णकांतनं पेन उघडलं.

“बुधी.”

“बुद्धी?”

“नाय, बुधी. बुधवारची.”

दयाराम कपातून फुर्र करून हसले. “अरे, हिच्यात आणि बुद्धीत फरक केवढा, एका अर्ध्या द चा! टाक रे तो अर्धा द. सरकार घर देतंय, आपण निदान बुद्धी देऊ.”

“घे बुधी, फुकटात मिळतेय,” असं म्हणत कृष्णकांतनं जोडाक्षर काढलं. पाय मोडलेला द, त्याला चिकटून ध. छान, ठळक. आम्ही हसलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. वालाच्या साली मांडीवरून खाली पडेपर्यंत हसले. बुधीनं आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तीही हसली. मग शाईत अंगठा बुडवून तिनं उमटवला. अंगठ्याला बिचाऱ्याला जोडाक्षर काय ठाऊक!

त्या दिवसापासून बिल्डिंगीत तिचं नाव ‘अर्धा द’ पडलं.

पुढच्या वर्षी यादी लागली. हौसाचं नाव आलं, मैनाचं आलं. बुधीचं नाही. ती आमच्या दारात आली तेव्हा डोक्यावर पाटी नव्हती. पाटीशिवाय तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ओळखायलाच क्षणभर वेळ लागला.

“बाय, मना घर नाय.”

“का गं?”

“तो सायेब बोलला, रेशनकार्डावर बुधी हाय, अर्जात दुसरीच बाई हाय. बोलला, तू ती नाय.” मग म्हणाली, “मी ती नाय, तं मंग मी कोन?”

मी तिला पाणी दिलं.

इथे मला माझं सांगायला पाहिजे. मी दुसरीपर्यंत शिकले. पुढे का नाही शिकले? दुसरीत मास्तरांनी माझ्या पाटीवर खडूनं ‘ढ’ काढला, सुतळी ओवून पाटी माझ्या गळ्यात घातली आणि मला साऱ्या वर्गांतून फिरवलं. मुली हसल्या. माझी सख्खी मावसबहीण हसली. मी पण हसले, कारण सगळे हसत असताना एकटीनं न हसता उभं राहणं सात वर्षांच्या पोरीला जमत नाही. घरी येऊन जी पडवीत बसले ती परत शाळेत गेले नाही. पुढचं वाचणं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. साठ वर्षं तो ढ माझ्या गळ्यात होता. आणि तरी मी बुधीवर हसले! ज्याला भाजलंय त्यालाच चटका कळतो म्हणतात. खोटं आहे. भाजलेलं माणूसही दुसऱ्याचा हात विस्तवात गेला की मजा बघतं.

संध्याकाळी कृष्णकांत आला. बूट काढायच्या आधी मी सुरू झाले.

“आई, किती मनावर घेतेस! गंमत होती गं ती.”

“कोणाची?”

“म्हणजे?”

“गंमत कोणाची झाली? तू हसलास, दयाराम हसले, मी हसले. तिघांच्या डोक्यावर स्लॅब आहे.”

“तसं बघितलं तर,” वसुंधरा मध्ये पडली, “त्या बायका काही मठ्ठ नसतात हो. रानातलं किती कळतं त्यांना! शेवळांचंच बघा ना.”

“आणि नसतं कळत तर?” मी म्हटलं. “रानातलंही काही कळत नसतं, शेवळं आणि गवत एकच वाटत असतं, तर हसायला मोकळीक होती का? हुशारी दाखवली की माणूस, नाहीतर तमाशा? ती मंद आहे. असू दे. मंद माणसाला पाऊस कमी लागतो काय?”

कृष्णकांत हळूच म्हणाला, “पण तू पण हसलीस की, आई.”

“हसले. म्हणून तर नाव दुरुस्त करायला मीही येणार आहे घरकुलाच्या कचेरीत. रजा टाक.”

सोमवारी मी, कृष्णकांत आणि बुधी, तिघं गेलो. कृष्णकांतनं घरून कागद लिहून आणला होता. कारकून तरुण होता, बरा होता. त्यानं मोठ्यानं वाचलं: ‘सदर अर्जात अर्जदाराचे नाव माझ्याकडून नजरचुकीने बुद्धी असे लिहिले गेले.’ मग वर बघून म्हणाला, “म्हणजे ह्या बुद्धी नाहीत तर!” पाठीमागे शिपाई खिदळला. रांगेतले दोघंतिघं खिदळले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भाऊसाहेब, तो कागद खोटा आहे. नजरचूक नव्हती ती. चेष्टा होती. माझ्या मुलानं जाणूनबुजून लिहिलं आणि मी शेजारी बसून दात काढले. असं लिहून घ्या.”

“आई, हळू,” कृष्णकांत मान खाली घालून पुटपुटला.

कारकुनानं चष्मा काढला. “आजी, तुमचं बरोबर आहे. पण ‘चेष्टेने’ लिहिलं तर जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं होतं. अर्ज कायमचा बाद. ‘नजरचुकीने’ लिहिलं तर दुरुस्ती होते, पुढच्या यादीत नाव बसतं. आता तुम्हीच सांगा, घर पाहिजे का खरं पाहिजे?”

बुधीनं माझा पदर ओढला.

“बाय, नजरचूक म्हंजे काय?”

“म्हणजे... बघताना चुकलं, असं.”

तिनं कृष्णकांतकडे पाहिलं. रागानं नाही. भाजी परत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. “त्यानं तं बघूनच लिवला,” ती म्हणाली. “तवा पन मना कललं व्हता. तुमी सगली हसलाव, मंग मी काय करू?”

शिपाई खिदळायचा थांबला.

“लिवू दे बाय,” बुधी म्हणाली. “मना घर पायजे.”

आणि तिनं अंगठा पुढे केला.

तो पावसाळा हौसा आणि मैनानं पक्क्या घरात काढला. बुधीची कुडाची भिंत श्रावणात बसली. शुक्रा ओल्या जमिनीवर झोपून असा खोकायला लागला की तो खोकला आजतागायत गेलेला नाही. दिवाळीनंतर ही दोघं दर साल वीटभट्टीवर कामाला जायची; त्या साली त्याला घेतलं नाही. बुधी एकटीच भट्टीवर गेली. याला कारण एक अर्धा द. पण ते कोणी विचारलं तर कागद दाखवतील: नजरचुकीने.

त्र्याण्णव साली घर झालं. बुधी मला बघायला घेऊन गेली. सिमेंटची एक खोली, पुढे ओटा. दारावर ठेकेदाराच्या पेंटरनं काळ्या ऑइलपेंटनं मालकिणीचं नाव रंगवलं होतं. मी चष्मा पुसून वाचलं: ‘बुद्धी ऊर्फ बुधी शुक्रा हिलम.’ दुरुस्ती म्हणजे त्या लोकांनी मधे एक ऊर्फ घातला होता. चेष्टा पुढे आणि बाई मागे.

“काय लिवलाय?” बुधीनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. शेवळांच्या वेळी ती वसुंधरेसाठी खोटं बोलली होती, तसं मला बोलता आलं असतं. पण या बाईशी खोटं बोलून बोलूनच सगळं झालं होतं.

तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “पयला मोठा हाय तो माजा नाय ना? तो पुसायला सांग तुज्या पोराला.”

मी घरी येऊन सांगितलं. पुढच्या रविवारी कृष्णकांत चुना आणि कुंचला घेऊन गेला. पहिले दोन शब्द पांढरे करून आला, हात धुतले आणि म्हणाला, झालं. पण चुन्यानं ऑइलपेंट झाकला जात नाही. एका पावसात ‘बुद्धी ऊर्फ’ परत वर आलं.

तेव्हापासून दर वर्षी दसरा झाला की मी चुन्याची पिशवी त्याच्या बुटांशेजारी ठेवते. पहिल्या वर्षी तो चिडला. दुसऱ्या वर्षी म्हणाला, “आई, पांढरा ऑइलपेंट आणून एकदाच मिटवून टाकू का?” मी म्हटलं, “नाही. तू चुनाच लाव.”

यंदाही पिशवी काढून ठेवली आहे. बुधी ओट्यावर उभी राहून त्याला सांगते म्हणे, “तिकडं राह्यला बघ, कोपऱ्यात.” आणि तो पुसतो. नीट बघून पुसतो.