झाकणाच्या आतलं अक्षर

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. नुसत्या पंख्याच्या घरघरीवरून लॅपटॉपचं दुखणं ओळखणारी दुसरी बाई दाखवा, मिशी उतरवीन. मी सातवीत पुस्तकं मिटली, पण तिला शिकवलं, आणि पोरीने माझी मान कधी खाली जाऊ दिली नाही.

दुरुस्तीच्या दुकानात तिची एक सवय होती. मशीन उघडलं की त्यात काय बसतं ते चिकटपट्टीवर लिहायची आणि झाकणाला आतून लावायची. मालक चिडवायचा, "बाई, गिऱ्हाईक काय झाकण उघडून वाचणार आहे?"

"मी नसेन तेव्हा कोणीतरी उघडेलच की!"

मग मोठं काम मिळालं, लांब गेली. तीन वर्षं झाली. दर सुट्टीला सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, आणि घरचा म्हातारा लॅपटॉप नेमका तेव्हाच अडून बसतो. तिचा चेहरा थिजतो, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. मागच्या खेपेला कॉल तुटला तरी आई त्या थिजलेल्या चेहऱ्याशी बोलतच बसली. मग एवढंच म्हणाली, "एकदा हलताना दिसू दे रे पोरगी."

झालं! पुढच्या कॉलच्या आदल्या दिवशी, लॅपटॉप अडू नये म्हणून, मी त्याला जास्तीची रॅम आणायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "कुठल्या मशीनला? जुनी आणलीय का?"

"मोठ्यातली मोठी दे. मी कारागिराचा भाऊ आहे."

घरी येऊन मागचं झाकण काढून बाजूला ठेवलं. रॅम काही बसेना. तिची खाच एकीकडे, खोबणीतला दात भलतीकडे. मी अंगठा रोवला.

आई ओरडली, "मोडशील! तिला विचार ना."

विचारतोय! माझी अब्रू जायची. वैतागून झाकण उचललं, तर आतून तिचं अक्षर: 'डीडीआर थ्री एल. लॅपटॉपचीच, कमी व्होल्टची. एक जागा रिकामी आहे. दादा, नुसता मोठा आकडा बघून आणू नकोस. जुनी सोबत ने. आणि जोर लावू नकोस.'

तीन वर्षं ते अक्षर आमच्या हाताखाली होतं. मला काही वेळ पुढचं दिसेना.

जुनी रॅम रुमालात गुंडाळून परत गेलो.

"काय हो, कारागिराचे भाऊ?"

"बदलून दे गुमान. लेखी हुकूम आहे."

ही मात्र टक्कन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल आला. चेहरा हलला, भुवया हलल्या, सगळं हललं.

"दादा, रॅम टाकलीस? कोणी बसवली?"

"मी! दुसरं कोण आहे इथे?"

"चिठ्ठी वाचलीस ना?"

"कसली चिठ्ठी?"

ती खदखदून हसली, आणि हसता हसता मान वळवून बाहीने डोळे पुसले. दर खेपेला पुसत असणार. आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

"वाळलीस गं," आई म्हणाली आणि पडद्यावरच्या गालावरून बोट फिरवत राहिली.