दाजीपूरच्या दशम्या

सून दुधात मळलेल्या दशम्या भाजत होती. त्या वासानं माझं डोकंच फिरलं. पोरगा म्हणाला, "आबा, उद्या आपण बापलेक दाजीपूरच्या जंगलात जाऊ. ती थांबंल घरी."

पन्नासच्या पुढचं साल असंल. नव्या लग्नात माझ्या बायकोनं अशाच दशम्या केलत्या, दाजीपूरला जायला. तिला एकदा गवा बघायचा होता. थोरल्या काकांनी देवाला फूल चिकटवून कौल लावला. फूल डावीकडं पडलं.

"देव न्हाय म्हणतोय. बायकामाणसाचं रानात काय काम?"

"गवा काय बाप्यांनाच दिसतोय व्हय?" ती फणकारली.

काका त्याच दशम्या बांधून दोस्तांबरोबर शिकारीला गेले. स्वतःसाठी कौल लावला न्हाय.

गेल्या महिन्यात ती गेली, गवा न बघताच.

मी सुनेवर ओरडलो, "दशम्या तुझ्या, तर गाडीत आधी तू बस. कौल कुणी लावायचा न्हाय."